सूनबाईची केराची बादली

२ फेब्रुवारी, सोमवार

डाव्या हातानं लिहिते. अक्षर कोंबडीच्या पायाचं आलंय. ही वही सूनबाईनं केराच्या बादलीत टाकली होती. जाड पुठ्ठा, खुणेची फीत, एकाही पानावर रेघ ओढलेली नाही. का टाकली, तर म्हणे जुन्या सालची आहे. साल जुनं झालं म्हणून कागद शिळा होतो का. मी उचलली. छापलेला वार खोडते नि खरा घालते. दमले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हे दोन दिवस मिळून लिहिलं. डिसेंबरात कोळ्याचं जाळं काढायला स्टुलावर चढले आणि खाली आले. स्टूल शाबूत, माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर काढल्यावर हात बघितला तर वाटलं, दवाखान्यात दुसऱ्याच कुणाचा तरी लावून दिलाय. बोटं अर्धी उघडतात, मिटतात त्याहून कमी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी झाकतच नाही, लावा आता किंमत.

तेव्हापासून मुलाकडे आहे. माझ्या दोन खोल्या पुलापलीकडे कुलूप लावून पडल्यात. मुलगा म्हणतो, आई, त्या सोडून देऊ, घरमालक विचारतोय, मार्चअखेर काय ते सांगायचंय. मी म्हटलं, मालकाला सांग, म्हातारी अजून आहे.

बोटवाली मात्र अटी घालते. मूठ वळली पाहिजे, कपडा पिळता आला पाहिजे, आणि आपल्या दाराचं कुलूप आपण उघडलं पाहिजे. तरच एकटीनं राहायचं. सत्तावीस मार्चला परीक्षा. चौथीनंतर मी परीक्षा दिली नाही. चौथीचीसुद्धा अर्धीच दिली होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बोटवाली म्हणजे बोटांचे व्यायाम करून घेणारी. दर शुक्रवारी येते. वय नातीएवढं, पाठीवर पिशवी, पिशवीत खेळणी. आज रबरी चेंडू काढला.

"आजी, हा दिवसातून तीन वेळा दाबायचा."

"आणि मग?"

"मग सोडायचा."

"आणि मग?"

"मग परत दाबायचा."

म्हटलं, बाई, तीस वर्षं मी लॉन्ड्रीत चादरी पिळल्या, त्यातून पाणी तरी निघायचं. यातून काय निघतं? मग तिनं कपड्यांचे चिमटे काढले. ते म्हणे वाटीच्या काठाला लावायचे नि काढायचे. वाटीला. वाटी काय वाळत घालायचीय? मी हात पदराआड... पदर कुठला, शालीआड घेतला तो घेतलाच. असली पोरकट कामं मी पाच वर्षांची असतानाही केली नाहीत.

सूनबाई कोपऱ्यात बसून सगळं मोबाइलमध्ये टिपून घेत होती. जसा काही हात तिचाच मोडलाय. मग दारापर्यंत पोचवायला गेली आणि दोघी जिन्यात अर्धा तास बोलत उभ्या. हिला ऑफिसात गप्पा मारायला मिळत नसतील.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज बादलीत दात घासायचा ब्रश. दांड्याच्या टोकाला भोक असलेला. हल्ली असे भोकाचे ब्रश दुकानात मिळत नाहीत, सगळे वळणावळणाचे नि रंगीबेरंगी. आणि केस तर इतके ताठ की एकदा तोंडात गेला असेल तर शपथ.

म्हटलं, अगं, हा का टाकलास?

"हिरड्यांना लागत होता, आई."

हिरड्यांना लागतो म्हणे. नाजूकपणाला सीमा असावी.

पण मी खूश. कारण अशा ब्रशाची चिंध्या विणायची सुई होते, ही विद्या तिला कुठून असणार. डोकं करवतीनं उडवायचं (ते मुलाकडून करून घेतलं, तेवढ्यात त्यानं दोनदा फोन घेतला), नि ते टोक पायरीच्या दगडावर घासून घासून निमुळतं करायचं. भोकात चिंधी ओवायची. झाली सुई, जाड, हातात मावणारी. बाजारच्या सुया उंदरांसाठी बनवतात. मला हल्ली त्या बोटांत आहेत की नाहीत तेच कळत नाही, इतका माल हलका झालाय.

पायरीवर बसून घासायला तीन दिवस लागतील. डाव्या हातानं धरते, उजव्यानं घासते. उलटं करून बघितलं, जमत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सुई झाली. आणि काय योग बघा, आज बादलीशेजारी फोटोची लाकडी चौकट. काच नाही, फोटो नाही, चारी कोपरे मजबूत. म्हटलं, ही? म्हणाली, "भिंतीवर बरी दिसत नव्हती." या घराच्या भिंतीवर ही चौकट मी कधी बघितली नाही, पण मी सगळ्या भिंती कुठे बघत बसते.

चौकटीला वर खाली खिळे मारले की माग तयार. दोरे ताणायचे, चिंध्या वर खाली घालायच्या, पायपुसणं विणायचं. माझ्या स्वतःच्या दारात घालायला. खिळे मुलाच्या डब्यातले. एकेक खिळा उजव्या चिमटीत धरायचा नि डाव्या हातानं हातोडी. चाळीस खिळ्यांपैकी पंचवीस खाली पडले. हल्ली खिळे गुळगुळीत करतात.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कपड्यांचे लाकडी चिमटे. मोजून बारा. बादलीत. एकाचीही स्प्रिंग गेलेली नाही.

मी आता काही बोलणंच सोडलंय. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं. चिंध्यांच्या गड्ड्या सुटू नयेत म्हणून चिमटे लावते. निळ्या गड्डीला निळा दोरा बांधलेला, पांढरीला पांढरा. दिवसभर लाव, काढ, लाव, काढ. चिंध्या त्यांच्याच जुन्या चादरीच्या, त्याही तिनंच टाकलेल्या. बोटवालीचे चिमटे मी नाकारले ते किती बरं केलं. तिचे प्लास्टिकचे होते, आणि नुसतेच लावायचे होते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बोटवालीनं मोजपट्टी लावून बोटं मोजली नि म्हणाली, छान, आजी, चेंडू दाबताय वाटतं. म्हटलं, चेंडू खिडकीतून खाली टाकला, कुत्र्यानं नेला. तिनं सूनबाईकडे बघितलं, सूनबाईनं छताकडे. दोघींनाही हसू आवरेना. कुत्र्याचं काय हसायचं, कुत्रा बिचारा धावला तरी.

मग मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. तिला माग दाखवला. म्हटलं, बघ, हे काम. चेंडूबिंडू सगळं थोतांड. सुई बघितली, चिमटे बघितले, नि म्हणते, "आजी, तुम्हीच मला शिकवा." शिकवीन की. शिकण्याची तयारी हवी, पोरींत ती नसते.

जिन्यात आज पाऊण तास.

२५ फेब्रुवारी, बुधवार

या आठवड्यात बादलीनं काय काय दिलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी वाढवून सांगते.

रुंद दातांचा कंगवा. विणलेलं खाली चेपायला. चेपताना मनगट दुखतं, पण वीण अशी घट्ट बसते की पाणी थांबेल.

औषधाची डबी, ज्याचं झाकण दाबून फिरवावं लागतं. टाचण्या ठेवायला. उघडताना मी तिला दिवसातून दहा शिव्या देते.

पिचकारीची बाटली, खिडक्या पुसायच्या पाण्याची. चिंध्या ओलसर केल्या की वळत नाहीत, म्हणून फुसफुस करते. ही बाटली आतून धुऊन, उलटी वाळवून मग केरात टाकलेली होती. केरात टाकायची बाटली कोण धुतं? आंघोळ घालून घराबाहेर काढण्यातला प्रकार.

आणि स्पंजाची केस कुरळे करायची नळी. ही मी पेन्सिलीवर चढवली. आता पेन्सिल अंगठ्याएवढी जाड झाली. म्हणून सांगायचं म्हणजे, वरच्या चार ओळी उजव्या हातानं लिहिल्यात. कुणी ओळखून दाखवावं. मी खिडकीत बसून स्वतःच तीनदा वाचल्या. काय लिहिलंय यापेक्षा कसं लिहिलंय तेच बघत बसले.

१ मार्च, रविवार

आता कळस झाला. बादलीत सगळ्यात वर कात्री. मोठी, जाड कानांची, आत चारी बोटं जातील अशी. आणि पात्यावर किमतीचं लेबल. लेबलसुद्धा काढलेलं नाही. आणली, नि टाकली.

मी कात्री उचलली ती सरळ मुलापुढे नेऊन ठेवली. तो पेपर वाचत होता. म्हटलं, हे बघ तुझं घर कसं चाललंय. मग ब्रशापासून सगळं सांगितलं, चिमटे, चौकट, बाटली. तो मुळात तापट नाही, पण हल्ली ऑफिसात काहीतरी बिनसलंय त्याचं. त्यानं तिला हाक मारली.

"हे काय आहे?"

"कात्री."

"लेबल लावलेली कात्री केरात जाते आपल्या घरात?"

"चुकून गेली असेल."

"आणि बाकीचं? तेही चुकून?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भांडेल. मी तयारीत होते, उत्तरं काढून ठेवली होती. पण म्हणाली, "चुकलं माझं. पुन्हा नाही होणार." आणि कणीक... नाही, काय करत होती, हां, खिडकीतली झाडं. त्यांना पाणी घालायला परत गेली.

एका हातानं टाळी वाजत नाही, तसं एका तोंडानं भांडण होत नाही. मजाच गेली. तेरा वर्षांत तिनं मला उलट उत्तर दिलं नाही, त्यातली ही वेळ मला सगळ्यात टोचली. पण बरोबर मीच होते. कात्री समोर होती ना.

कात्री उत्तम चालते.

४ मार्च, बुधवार

बादलीत चहाचा चोथा नि कांद्याची सालं.

५ मार्च, गुरुवार

सालं.

८ मार्च, रविवार

सालं, चोथा, एक फाटकं पाकीट. सूनबाई सुधारली, मुलगा खूश. मीही खूश असायला हवं. दोरा संपलाय, चिंध्या संपल्यात, पायपुसणं अर्ध्यावर येऊन उभं आहे. दिवस लांब झालेत. शेजारणीच्या टीव्हीवरचं सगळं ऐकू येतं, त्यातलं एकही माणूस शहाणं नाही.

बोटवाली परवा आली नव्हती, तिला ताप आला. हातांची डॉक्टरीण नि स्वतः अंथरुणात.

१३ मार्च, शुक्रवार

बोटवाली आली. मोजपट्टी लावली. परत लावली. म्हणाली, मागे गेलंय. बोटं आखडली. दोन आठवड्यांवर परीक्षा, असं चाललं तर एकटीनं राहायच्या कागदावर मी सही करणार नाही, आजी.

मी म्हटलं, तुझी पट्टी आखडली असेल.

ती म्हणाली, "काय बंद केलंत?" पण बघत होती सूनबाईकडे. सूनबाई जमिनीकडे. मग ती म्हणाली, "पुन्हा सुरू करा. लगेच." आता हे कुणाला म्हणाली मला कळलं नाही. हात माझा, हुकूम तिला. हल्लीच्या मुलींना बोलायचं कुणाकडे बघून हेसुद्धा शिकवत नाहीत.

ती गेल्यावर मी त्या दोन खोल्यांचा विचार करत बसले. खिडकीत सकाळी ऊन येतं ते थेट चहाच्या कपावर येतं. तिथे मी कुणाची आई नसते, कुणाची सासू नसते. नुसती असते. तेवढ्यासाठी माणसानं काय करू नये.

१४ मार्च, शनिवार

आज दोन गोष्टी केल्या, दोन्ही मला न शोभणाऱ्या.

पहिली, मुलाला म्हटलं, ती कात्री मीच तिला टाकायला सांगितली होती. गंज चढला होता.

"आई, नव्या कात्रीला गंज?"

"मग मला नीट दिसत नाही. म्हातारी आहे मी."

"परवा तर समोरच्या गच्चीवर कुणाचा मोजा वाळतोय तो सांगितलास."

"मोजा मोठा होता."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. उठून आत गेला, तिला काहीतरी हळू म्हणाला. मी कान दिला नाही. दिला, पण ऐकू आलं नाही.

दुसरी, ती कप विसळत होती तिथे गेले.

"तुझ्या घरात हल्ली काही मोडत तुटत नाही का गं?"

"काय हवंय, आई?"

"मला काही नकोय. मी मागितलंय का काही? मी बादलीबद्दल विचारतेय."

"बघते."

"त्यात बघायचं काय. टाकणारी तू."

कप विसळता विसळता हसली. कपात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. मुलाची नि तिची जोडी बरोबर जमलीय, दोघंही कारण नसताना हसतात.

१५ मार्च, रविवार

माझं बोलणं तिनं जरा जास्तच मनावर घेतलं. बादली भरून वाहतेय. मापाची फीत, गुंडाळायची डबी मोडलेली म्हणून (मोडलेली नाही, मी तपासली). घट्ट झाकणाची बरणी, बटणं ठेवायला छान. जुने तीन शर्ट, सगळी बटणं जागच्या जागी, ती मी कापून काढली. आणि या सगळ्याच्या वर आंघोळीचा टॉवेल. जाडजूड. निथळत असलेला.

म्हटलं, अगं, टॉवेल टाकायचा तर टाक, ओला का टाकतेस?

"घाई झाली, आई."

कसली घाई. रविवार आहे. पण पट्ट्या कापायच्या तर वाळवायला हवा, वाळवायचा तर पिळायला हवा. बाथरूममध्ये उभी राहून पिळला. उजवा हात नको म्हणत होता, त्याला लॉन्ड्रीतल्या मुकादमाची भाषा ऐकवली. पाणी निघालं. थोडं निघालं, पण धार लागली. मी तो पुन्हा भिजवला नि पुन्हा पिळला. असाच. पाण्याचा आवाज ऐकायला.

२३ मार्च, सोमवार

पायपुसणं झालं. एक कोपरा तिरका आहे, चौकटच तिरकी होती. सूनबाई म्हणाली, सुंदर. तिला सुंदरमधलं काय कळतं, जिनं कंगवा टाकला.

रोज एक ओला टॉवेल टाकते आहे. या घरात आता अंग पुसायला काय वापरतात मला माहीत नाही. मी विचारत नाही. परीक्षेपर्यंत गप्प बसायचं ठरवलंय.

२७ मार्च, शुक्रवार

हे माझ्या खोलीत बसून लिहिते आहे. माझ्या. पण क्रमानं सांगते.

सकाळी बोटवालीनं मूठ बघितली. वळली. पूर्ण नाही, पण आत नाणं धरलं तर पडणार नाही इतकी. कपडा पिळायला दिला, मी असा पिळला की तिच्या बुटांवर पाणी गेलं. म्हणाली, आता शेवटचं, तुमच्या दाराचं कुलूप. आम्ही तिघी रिक्षानं पुलापलीकडे. मुलगा कामावर. जिना चढताना तळमजल्याच्या शिंप्यानं विचारलं, आलात का. म्हटलं, अजून ठरायचंय.

दारात उभी राहिले. किल्ली घातली. फिरवली. फिरेना.

पुन्हा. नाही. अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली. साडेतीन महिने बंद असलेलं कुलूप, आत गंज धरलेला, पैलवानालाही दाद देणार नाही. मी हे सांगितलं. बोटवालीच्या हातात तो कागद होता. सूनबाई माझ्या मागे इतकी चिकटून उभी की तिची पर्स माझ्या पाठीला लागत होती.

"आजी," बोटवाली म्हणाली, "महिनाभरानं परत बघू या का?"

महिनाभरानं इथे दुसऱ्या कुणाची तरी किल्ली असणार. मी किल्लीकडे बघितलं. जुनी लोखंडी, डोक्याला मोठं भोक. मागे वळले नि सूनबाईच्या पर्सला अडकवलेलं पेन ओढून काढलं. धातूचं, जड, ऑफिसातून पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं, त्यावर तिचं नावही कोरलंय. ते किल्लीच्या भोकातून आडवं घातलं, दोन्ही बाजूंनी मूठ धरली आणि अख्ख्या अंगानं फिरवलं.

आधी पेन वाकलं, मग कडकन मोडलं, आणि त्याच झटक्यात कुलूप उघडलं. शाई सगळ्यांच्या अंगावर.

"आजी, परीक्षा हाताची होती," बोटवाली म्हणाली.

"मग डोकं घरी ठेवून यायचं होतं का? कुलूप उघडलं की नाही ते सांग."

तिनं कागद उघडला. मग म्हणाली, सही करायला पेन आहे का कुणाकडे. कुणाकडेच नव्हतं. शिंप्याकडून पेन्सिल आणवली, सही करून ती गेली.

आत गेले. खिडक्या उघडल्या. पायपुसणं दारात घातलं, तिरका कोपरा भिंतीकडे. चहा केला, साखर नव्हती, दोघींनी बिनसाखरेचा प्यायला. सूनबाईनं पेनाचं नावही काढलं नाही. मीच म्हटलं, असली नाजूक पेनं द्यायची ऑफिसनं नि पंधरा वर्षं राबवून घ्यायचं.

निघताना ती दारात वाकली. मोडक्या पेनाचे दोन्ही तुकडे उंबऱ्याशी पडले होते. मी केराची टोपली पुढे केली. तिनं ते शालीच्या टोकानं... नाही, तिच्या रुमालानं पुसले, शाई निघेपर्यंत पुसले, रुमालात गुंडाळले नि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

तेरा वर्षांत पहिल्यांदा त्या बाईला काही न टाकता बघितलं. चला. साडेतीन महिने मी त्या घरात उगाच नाही काढले.